वातींची मोजणी

मेणबत्ती हा शब्द मी एकतीस वर्षं फक्त अहवालात लिहिला. 'आगीचे संभाव्य कारण: मेणबत्ती.' कोणी टीव्हीवर लावून ठेवलेली, कोणी गादीच्या उशाशी, कोणी बाथटबच्या कडेला, शेजारी हेअरस्प्रेचा डबा. लोकांना अक्कल नसते, हे माझं मत त्या नोकरीत पक्कं झालं आणि निवृत्तीनंतर ते बदलायची वेळ आली नाही. अग्निशमन दलात मला सगळे 'बंब' म्हणायचे, आणि ते काही मी बंबावर होतो एवढ्याचसाठी नव्हे. घंटा वाजली की लालबुंद होऊन निघायचो आणि परत येताना पार रिकामा होऊन यायचो. बायकोनेही तेच नाव उचललं. अडतीस वर्षं झाली, ती मला 'बंब' म्हणते आणि मी तिला 'सिस्टर', कारण ती ऑपरेशन थिएटरची सिस्टर होती.

तर अशा आमच्या घरात लेकीने सोया मेणाच्या मेणबत्त्या करायचं सामान पाठवलं. खोकं उघडलं तर आत पांढऱ्या पापुद्र्यांच्या पिशव्या, काचेच्या टोपणवाल्या बरण्या, वातींचा जुडगा, थर्मामीटर, लिंबाच्या वासाची बाटली, आणि सगळ्यात वर एक गुळगुळीत माहितीपत्रक: 'नवशिक्यांसाठी, घरच्या घरी!' त्या उद्गारचिन्हानेच माझं पित्त खवळलं.

मी लगेच फोन लावला. "अगं, आगवाल्याच्या घरात मेणबत्त्या? आता पुढच्या महिन्यात काय, दारूगोळा पाठवणार आहेस?"

"बाबा, बनवायच्या आहेत. हातकाम आहे ते," लेक म्हणाली. "आईच्या डॉक्टरीणबाईंनीच सांगितलंय ना, पायरीपायरीने करायचं काहीतरी द्या म्हणून. विणकाम तिने भिरकावून दिलं. चित्रं रंगवायला दिली तर म्हणाली, मी काय बालवाडीत आहे का. मग करू काय मी इथे बसून?"

सिस्टरला विसर पडायला लागून दोन वर्षं झाली होती. आधी चष्मा, किल्ल्या असं साधंसुधं. मग एके दिवशी सकाळी सात वाजता ती ड्यूटीचे बूट घालून थेट हॉस्पिटलात गेली, निवृत्तीला नऊ वर्षं झाल्यावर. तिथल्या नव्या मुलींनी तिला चहा दिला, खुर्चीत बसवलं आणि मला फोन केला. त्याच आठवड्यात मी गॅस काढून विजेची शेगडी आणली. घरातल्या काड्यापेट्या, लायटर, सगळं बाहेर. पुढे काय करायचं ते मात्र मला कोणी सांगितलं नाही. आग लागली की कुठे उभं राहायचं, पाइप कुठून न्यायचा हे मला झोपेतही सांगता येईल. या प्रकारात उभं कुठे राहायचं तेच कळेना.

लेक दुसऱ्या शहरात असते. तिच्या घराजवळ असल्या पेशंटांसाठी एक निवासकेंद्र आहे. चोवीस तास माणसं, बाग, दारांना कुलपं. तिथे एक खोली रिकामी होणार होती आणि होय-नाही कळवायचं होतं. मी म्हटलं, माझ्या जिवात जीव आहे तोवर ती या घरातून हलणार नाही. लेक म्हणाली, "आणि तुमची एकदा पाठ वळली तर?" मी फोन आपटला. माझी तीच पद्धत आहे.

निकाल सिस्टरनेच लावला. लेक सुट्टीला आली होती तेव्हा तिने आम्हा दोघांना जेवणाच्या टेबलाशी बसवलं आणि म्हणाली, "माझ्यावरून भांडू नका. मी अजून मेलेली नाही. माझी मोजणी बरोबर येतेय तोवर मी इथेच राहणार. ज्या दिवशी चुकेल त्या दिवशी माझी बॅग मी भरणार. बंब, तेव्हा तुम्ही मध्ये पडायचं नाही. कबूल?"

मी कबूल म्हटलं. लेकीनेही म्हटलं.

मोजणी म्हणजे काय ते सांगायला हवं. ऑपरेशन संपलं की पोट शिवण्याआधी थिएटरची सिस्टर सगळं मोजते. कापडी बोळे, सुया, कात्र्या, चिमटे, जे जे टेबलावर आलं ते सगळं. मोठ्याने मोजायचं आणि दुसऱ्याने मोठ्यानेच तो आकडा परत म्हणायचा. दोघांचं जुळलं की वहीत लिहायचं, दोघांनी सही करायची. मग सिस्टर विचारते, "आत काही राहिलं नाही ना?" आणि टेबलाभोवतीच्या प्रत्येकाने "नाही, सिस्टर" म्हटल्याशिवाय टाका पडत नाही. एकोणतीस वर्षांत हिची मोजणी एकदाही चुकली नाही. निवृत्तीनंतर घरातही चमचे, गोळ्या, धुण्याचे कपडे ती असेच मोजून वहीत लिहायची, आणि आकडा परत म्हणायचं काम माझं. एकदा एका नामांकित सर्जनला हिने एका बोळ्यासाठी चाळीस मिनिटं ताटकळत ठेवलं होतं. तो थयथयाट करत होता, आणि बोळा निघाला त्याच्याच बुटाच्या तळव्याला चिकटलेला. ही गोष्ट ती हल्ली दिवसातून दोनदा सांगते. मी दोन्ही वेळा हसतो, आणि खोटं हसत नाही.

मेणबत्त्या करायच्या ठरल्या तेव्हा मी एकच अट घातली. "बनवायच्या. लावायच्या नाहीत."

"मग काय, रांगेने मांडून बघत बसायचं?"

"ते नंतर बघू."

पहिला घाणा माझ्यामुळे बिघडला. शेगडीवर पातेल्यात पाणी, त्यात दुसरं भांडं, त्यात ते पापुद्रे. वितळले, पाण्यासारखे झाले. मी म्हटलं, ओत. माहितीपत्रकात लिहिलं होतं की ऐंशी अंशांपर्यंत तापवा, सत्तरला आल्यावर वासाचं तेल घाला, दोन मिनिटं ढवळा, आणि पंचावन्नला उतरेपर्यंत थांबा. थांबा! मी आयुष्यात तापलेल्या वस्तूसमोर कधी थांबलो नव्हतो. ओतलं तसंच. तासाभराने बघतो तर प्रत्येक बरणीत वातीभोवती खड्डा, उंदरांनी बिळं पोखरल्यासारखा, आणि वाती आडव्या झोपलेल्या.

सिस्टर पोट धरधरून हसली. "बंब, हा पेशंट असता तर काय केलं असतंत?"

दुसऱ्या घाण्याला मी इतका थांबलो की मेण भांड्यातच आळलं. गोळागोळा ओतलं गेलं, वर पांढरे चट्टे पडले, वाती निम्म्या कलल्या. तेव्हा तिने माझ्या हातातून थर्मामीटर काढून घेतला आणि म्हणाली, "व्हा बाजूला. तुमचं काम आता फक्त आकडा म्हणायचं."

तिथून खरी सुरुवात झाली. टेबलावर पांढरा टॉवेल अंथरून ती बरण्या ओळीत मांडायची. कपडे वाळत घालायचे चिमटे बरणीच्या तोंडावर आडवे ठेवून त्यांच्यात वात धरून ठेवायची युक्ती तिचीच. पायरी झाली की वहीत खूण. "वास घातला का?" हे ती चार वेळा विचारायची, पण वही बघायची आणि स्वतःच उत्तर द्यायची, "घातला." दूध कुठल्या कपाटात असतं ते आठवत नव्हतं तिला. पण टॉवेल अंथरला की पाठ ताठ व्हायची, आवाज बदलायचा, हात स्थिर. अडतीस वर्षांपूर्वी माझ्या भाजलेल्या हाताचं ड्रेसिंग करताना मला झापणारी बाई माझ्या स्वयंपाकघरात परत आली होती. मला केवढा आनंद झाला होता, ते मी कोणाला सांगितलं नाही. लेकीला फक्त एवढंच कळवलं की तुझं खोकं बरं आहे.

माहितीपत्रकातली आणखी एक ओळ मला फार आवडली. सोया मेणाची बत्ती केल्या-केल्या लावायची नसते. टोपण लावून दोन आठवडे ठेवायची, तेव्हा वास मेणात मुरतो. म्हणजे दोन आठवडे बिनआगीचे, छापील हमीसकट. मला वाटलं, वेळ मिळाला.

मग तो गुरुवार आला. सकाळी मी दूध आणि पाव आणायला खाली गेलो. पंधरा मिनिटं, फार तर सतरा. परत येताना जिन्यातच लिंबाचा वास आला. मी नाकाने आग ओळखणारा माणूस. शेवटच्या पायऱ्या कशा चढलो ते मला माहीत नाही. झोपायच्या खोलीच्या खिडकीत दुसऱ्या घाण्यातली एक बरणी पेटवून ठेवलेली होती, आणि तिच्यावर पडद्याची झालर काळी पडून कडेने लाल सरकत होती. मी बरणीवर टोपण दाबलं आणि झालर मुठीत चुरगाळली. तळहात पोळला. शेजारी नवी काड्यापेटी होती, म्हणजे ती एकटी खालच्या दुकानात जाऊन आली होती आणि मला पत्ताही नव्हता. न्हाणीघरातून पाण्याचा आवाज येत होता. ती गुणगुणत होती.

केस पुसत बाहेर आली आणि हसून म्हणाली, "काय छान वास येतोय! कोणी लावली हो?"

माझ्या तोंडून निघालं, "मी."

"तुम्ही? आणि पडद्याखाली? आगवाल्याला शोभतं का हे? दाखवा तो हात." मग तिने मला पलंगावर बसवून पट्टी बांधली आणि बांधताना इतकं झापलं, इतकं झापलं, की मी खाली बघत बसलो. मान खाली घालून रडत होतो, ते तिला हात दुखल्यामुळे वाटलं.

लेकीला सांगितलं नाही. पडद्याची जळकी कड कापून वर दुमडून शिवून टाकली, वाकडीतिकडी. खालच्या दुकानदाराला हात जोडले की बाबा रे, हिला काड्यापेटी देऊ नकोस. तो म्हणाला, काका, मी एकटा नसतो दुकानात, आणि काड्यापेटी कुठेही मिळते. ते खरंच होतं. पहिल्या दोन घाण्यांच्या बरण्या मी कचऱ्यात टाकल्या. पण दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, तिसऱ्या घाण्याचं सामान टेबलावर तयार होतं आणि ती सकाळपासून टॉवेल अंथरून बसली होती. तिला नको म्हणणं मला जमलं नाही. नको म्हटलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं.

"वाती बारा," ती म्हणाली.

"बारा."

"मोठ्याने, बंब."

"बारा!"

बाराच्या बारा वाती तिने तळाला चिकटवल्या, बरोबर मध्यभागी. ऐंशी, सत्तर, दोन मिनिटं ढवळणं. मग वाकून, डोळा पाऱ्याच्या रेषेत आणून थांबली. पंचावन्न. बाराही बरण्या ओतल्या तेव्हा एक थेंब टॉवेलवर पडला नाही. वहीत लिहिलं, 'वाती बारा, घातल्या'. तिने सही केली, मी सही केली. तृप्त चेहऱ्याने दुपारची झोपायला गेली.

मी टेबलाशी उभा राहिलो. चहाच्या कपात पडलेल्या सायीसारखा मेणाचा वरचा थर धरत होता. कोणालाही सुंदर दिसल्या असत्या त्या बरण्या. मला त्या बाराच्या बारा जळत्या दिसत होत्या. कुठल्या खिडकीत, कुठल्या कपाटात, मी दूध आणायला गेलेलो असताना.

हत्यारांच्या डब्यातून पकड आणली आणि एकेक वात उपटली. आतलं मेण अजून मऊ होतं, तळाच्या पत्र्याच्या चकतीसकट वात वर यायची. पडलेलं भोक बोटाने दाबायचं आणि तिच्याच केस वाळवायच्या यंत्राने वरून गरम वारा मारायचा, की मेण पुन्हा सपाट. यंत्राचा आवाज होऊ नये म्हणून ते टॉवेलात गुंडाळलं होतं. जन्मभर लोकांच्या घरात दारं फोडून शिरलो, पण चोरासारखं वाटलं ते त्या दुपारी माझ्याच घरात. वाती वर्तमानपत्रात बांधल्या आणि खाली जाऊन कचऱ्याच्या मोठ्या पिंपात टाकल्या. वर येऊन टोपणं लावली.

दोन आठवड्यांनी विचारलं तर काय सांगायचं तेही मी ठरवलं होतं. या वातीच्या नव्हेतच, कपाटात ठेवायच्या वासाच्या बरण्या आहेत, आपण दोघांनीच तसं ठरवलं होतं. ती मान्य करेल. तिला आठवणार नाही. सांगायची लाज वाटते, पण सांगतो: तिच्या आजाराच्या भरवशावर मी हे केलं. ज्या आजाराला रात्रंदिवस शिव्या घालत होतो त्यालाच हाताशी धरलं. आणि वहीचं माझ्या डोक्यातच आलं नाही. माझी सही होती तिच्यात.

रोज सकाळी ती बरण्यांच्या फळीसमोर उभी राहून विचारायची, "किती दिवस राहिले?" दहा. नऊ. आठ. जावयाची वाट बघावी तशी वाट बघत होती. नवव्या दिवशी लेकीचा फोन आला की खोलीचं उत्तर शुक्रवारपर्यंत द्यायचंय, मी स्वतः येते. सिस्टर म्हणाली, "ये की. शुक्रवारीच चौदा दिवस होतात. तुझ्यासमोर लावू."

त्याच दिवशी हस्तकलेच्या सामानाचं दुकान गाठलं. वाती नव्हत्या, मागवल्या तर यायला आठ दिवस. दुसरं दुकान बंदच झालेलं. घरी येऊन सुती दोरा तिहेरी पिळला, एका बरणीत तापलेल्या स्क्रूड्रायव्हरने भोक पाडायला लागलो तर ती दारात. "काय चाललंय?" काही नाही, म्हटलं, टोपण घट्ट बसलंय का बघतोय. "हात लावायचा नाही," ती म्हणाली आणि फळीखाली खुर्ची ओढून पहाऱ्यालाच बसली. तिला सांगून टाकावं असं मला रोज वाटायचं. रोज चहाच्या वेळी तोंड उघडायचो आणि पावाचा तुकडा घालून बंद करायचो.

शुक्रवारी लेक दुपारी आली. बॅग खाली ठेवते न ठेवते तोच सिस्टरने तिला हाताला धरून टेबलाशी नेलं. पांढरा टॉवेल, तीन-तीनच्या चार रांगा, शेजारी वही.

"बंब, तुम्ही ओला टॉवेल घेऊन बसा. पाण्याची बादली नको. जळत्या मेणावर पाणी टाकलं की भडका उडतो, तुम्हीच सांगितलं होतंत."

हे तिच्या लक्षात होतं. मी ओला टॉवेल घेऊन बसलो.

तिने पहिलं टोपण काढलं. बघितलं. बरणी उजेडाकडे धरली. खाली ठेवून दुसरं काढलं. मग घाई न करता, एकामागून एक, बाराही टोपणं काढून टॉवेलच्या कडेला रांगेत उलटी मांडली. चमच्याचा दांडा घेऊन पहिल्या बरणीत मधोमध तळापर्यंत घातला, फिरवला. दुसऱ्या बरणीत. तिसऱ्या बरणीनंतर थांबली आणि वही उघडली.

"वाती बारा, घातल्या. सही माझी. सही तुमची." मग बरण्यांकडे बघून म्हणाली, "वाती शून्य."

खोलीत लिंबाचा वास दाटला होता. चांगला मुरला होता.

"म्हणा," ती मला म्हणाली.

मी ओल्या टॉवेलाची घडी मोडली आणि पुन्हा घातली.

"म्हणा ना, बंब. दोघांनी म्हणायचं असतं."

लेकीने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "आई, असू दे गं. होतं असं."

"असं होत नाही." सिस्टरचा आवाज शांत होता. वहीतल्या ओळीवरचं बोट तिने काढलं नाही. "मी वाती न घालता ओतलं, आणि घातल्या म्हणून सही केली. असं माझ्याकडून कधी झालं नव्हतं. यांना बिचाऱ्यांना मी म्हणा म्हटलं म्हणून यांनीही सही केली." तिने चमचा टॉवेलवर नीट आडवा ठेवला. "बॅग माळ्यावर आहे ना?"

लेक माझ्याकडे बघत होती. डोळे भरले होते तिचे.

"मी काढल्या," मी म्हटलं.

"बाबा, कशाला आता—"

"मी काढल्या वाती! पकडीने! तू झोपली होतीस तेव्हा."

सिस्टरने माझ्या गालावर हात फिरवला. "सांभाळून घेताय मला. कळतंय. पण असं करू नका, मला आणखी वाईट वाटतं."

मी ओरडायला लागलो. त्या गुरुवारपर्यंत अडतीस वर्षांत मी या बाईशी खोटं बोललो नव्हतो, आणि आता खरं सांगत होतो तर दोघी माझ्याकडे दयेने बघत होत्या. अगं, मी खाली पिंपात टाकल्या, मी तुझं केसांचं यंत्र वापरलं, मी अमुक, मी तमुक. सिस्टर ऐकून घेत होती, गुंगीतून उठणाऱ्या पेशंटचं ऐकावं तसं. मग म्हणाली, "बरं. तुम्ही काढल्यात. का काढल्यात?"

प्रश्न साधा होता. उत्तर दिलं तर लेक ऐकणार होती आणि ते ऐकल्यावर ती आईला या घरात एक दिवस ठेवणार नव्हती. नाही दिलं तर सिस्टर स्वतःच्या हाताने बॅग काढणार होती, जन्मभराची मोजणी चुकली असं समजून. दोन्हीकडून जाणार होतीच. मी आजवर ज्या ज्या घरात शिरलो त्याला एक तरी खिडकी होती.

"का, बंब?" तिने पुन्हा विचारलं. तिला खरोखर जाणून घ्यायचं होतं. चूक आपली की नाही एवढंच.

"कारण तू मेणबत्ती पडद्याखाली पेटवून आंघोळीला गेली होतीस."

ते इतकं मोठ्याने निघालं की बहुतेक खालपर्यंत गेलं असेल. लेक उठली, झोपायच्या खोलीत गेली. पडद्याच्या कड्या सरकल्याचा आवाज आला. परत आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. माझं शिवणकाम तिला दिसलं होतं.

सिस्टरने माझा तळहात उलटा करून बघितला. डाग अजून गुलाबी होता. "ती मेणबत्ती तर तुम्ही लावली होतीत. मी रागावले होते तुम्हाला."

"खोटं बोललो मी."

"किती जळाला होता पडदा?"

"झालर धरली होती."

"वरच्या मजल्यावर तान्हं बाळ आहे ना?"

"आहे."

तिने वहीतली ओळ पुन्हा वाचली. मग विचारलं, "म्हणजे वाती मी घातल्या होत्या."

"घातल्या होत्यास. मधोमध. एकही कलली नव्हती."

"बारा?"

"बारा."

तिने पेन घेतलं आणि वहीत त्या ओळीखाली लिहिलं, 'बारा काढल्या.' सही केली आणि वही माझ्यापुढे सरकवली. मीही केली. तिचा चेहरा असा सैल झाला, जणू कोणी पाठीवरचं पोतं उतरवून घेतलं. मला वाटलं, वाचलो.

"आता बॅग काढा," ती म्हणाली.

"अगं पण मोजणी बरोबर आली ना! तूच म्हणाली होतीस, मोजणी बरोबर येतेय तोवर... कबूल केलं होतं आपण तिघांनी!"

"मोजणी बरोबर आहे माझी. पण थिएटर पेटवून देणारी सिस्टर ड्यूटीवर ठेवतात का?" तिने वही मिटली. "तुम्ही मध्ये पडायचं नाही, हेही कबूल केलं होतंत."

मी पडलो. खूप पडलो. लेकीला नाही नाही ते बोललो, माहितीपत्रक फाडलं, नोकरी सोडून चोवीस तास दारात बसेन म्हटलं. "नोकरी कुठेय तुम्हाला, बाबा," लेक रडत रडत म्हणाली. शेवटी स्टूल घेऊन माळ्यावरून बॅग मीच काढली, कारण दुसऱ्या कोणाचा हात पोचत नाही.

पलंगावर पांढरा टॉवेल अंथरून तिने त्यावर सामान मांडलं.

"गाऊन चार."

"चार."

"टॉवेल दोन."

"दोन."

"मोठ्याने."

"दोन."

"मोजे, सहा जोड." मोज्यांपाशी ती थांबली. बॅगेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, दारात उभ्या लेकीकडे बघून छान हसली. "ही कधी आली? कुठे चाललोय आपण?"

लेकीने तोंडावर हात दाबला. मी म्हटलं, "आधी मोजणी पुरी कर."

"हो, ते खरं." ती पुन्हा वाकली. "मोजे सहा जोड."

"सहा."

चष्मा एक, कंगवा एक, औषधांचा डबा एक. वही तिने सगळ्यात वर ठेवली. मग चेनीवर हात ठेवून ताठ उभी राहिली आणि त्या जुन्या, खणखणीत आवाजात विचारलं, "आत काही राहिलं नाही ना?"

"नाही, आई," लेक म्हणाली.

"सिस्टर म्हणायचं."

"नाही, सिस्टर."

तिने माझ्याकडे बघितलं. सगळ्यांनी म्हटल्याशिवाय ती बंद करत नाही. मोठमोठ्या सर्जनना तिने थांबवलंय, चाळीस मिनिटं. मी उत्तर दिलं नाही तर ती अशीच उभी राहील, चेनीवर हात ठेवून, माझ्या घरात. मी ओठ घट्ट मिटून घेतले.

"म्हणा ना, बंब," सिस्टर म्हणाली.